स्टाफसाठी डेंटल प्लॅन घेताना टक्के नंतर बघा, आधी मर्यादा बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हेल्थ इन्शुरन्सबद्दल तुमच्या पेपरात अधूनमधून चांगलं वाचायला मिळतं, दातांच्या विम्याबद्दल मात्र कुणीच नीट लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआर बघते, स्टाफसाठी ग्रुप डेंटल प्लॅन निवडायचं काम दर रिन्यूअलला माझ्याच टेबलावर येतं, आणि बहुतेक ठिकाणी हे काम कसं होतं ते मला चांगलं माहितीय. तीन-चार कोटेशन मागवायची, एका शीटमध्ये प्रीमियम शेजारी शेजारी मांडायचे, सगळ्यात स्वस्ताच्या एक वर असलेला प्लॅन उचलायचा, वरिष्ठांची सही घ्यायची, झालं. अशाने घेतलेला प्लॅन कागदावर छान दिसतो आणि ज्याला खरी गरज आहे त्याच्या कामाला येत नाही, आणि हे मला मनापासून खटकतं कारण कुणाच्या तोंडात काय चाललंय ते प्रीमियमच्या रकान्यात दिसत नाही.

एक गोष्ट आधी समजून घ्या. डेंटल इन्शुरन्सचा सगळा हिशोब हेल्थ इन्शुरन्सच्या उलटा चालतो. हेल्थ पॉलिसीत किरकोळ खर्च आपला आणि मोठं ऑपरेशन आलं की कंपनी उभी राहते. दातांच्या प्लॅनमध्ये चेकअप, क्लीनिंग, छोटं फिलिंग अशा किरकोळ गोष्टींना कंपनी आनंदाने पैसे देते, मग खर्च वाढत गेला की तिचा वाटा कमी होत जातो, आणि वर्षाची मर्यादा संपली की पुढचं सगळं पेशंटच्या खिशातून. म्हणजे सगळ्यात मोठं बिल येतं त्या दिवशी विमा सगळ्यात कमी असतो. अशी रचना का आहे ते समजण्यासारखं आहे, दाताचा त्रास बहुतेकांना आज ना उद्या होतोच आणि बरेचदा आधी दिसत असतो, त्यामुळे विमा कंपनी हात राखूनच देते. पण निवडणाऱ्याने हे धरूनच निवडलं पाहिजे.

ब्रोशरवर मोठ्या अक्षरात असतं ते म्हणजे 100-80-50. तपासणी, एक्स-रे, क्लीनिंगला 100 टक्के, फिलिंग आणि साधं दात काढणं याला 80 टक्के, कॅप, ब्रिज, कवळी अशा मोठ्या कामांना 50 टक्के. खूप प्लॅन याच साच्यातले असतात त्यामुळे दोन प्लॅन बघणाऱ्याला एकसारखेच वाटतात. पण रूट कॅनल कुठल्या गटात टाकलंय ते विचारा. काही प्लॅनमध्ये ते 80 वाल्या गटात असतं, काहींमध्ये 50 वाल्या, आणि तेवढ्याने सगळं बदलतं.

आकडे घेऊन बघू, समजायला सोपं जातं. समजा वर्षाची मर्यादा 100 धरली, दाढेचं रूट कॅनल 60 ला आणि वरची कॅप 70 ला, म्हणजे एकूण बिल 130. रूट कॅनल 80 टक्क्यांच्या गटात असेल तर प्लॅन 48 देईल, कॅपचे 35, मिळून 83, पेशंटच्या खिशातून 47. तेच रूट कॅनल 50 च्या गटात असेल तर प्लॅन देईल 30 अधिक 35 म्हणजे 65, आणि पेशंटलाही 65. पहिल्या केसमध्ये वर्षाचे फक्त 17 शिल्लक राहिले हेही बघा, त्यातून क्लीनिंगचे पैसे याच मर्यादेतून कापले जात असतील तर तेवढेही नाहीत. त्याच वर्षात दुसरी दाढ बिघडली की ब्रोशरवरच्या 80 टक्क्यांना काही अर्थ उरत नाही, मर्यादाच जवळपास संपलेली असते. म्हणून मी म्हणते टक्के नंतर बघा. कितीतरी प्लॅनमध्ये ही मर्यादा वर्षानुवर्षं जवळपास तिथेच अडकलेली आहे आणि उपचारांचा खर्च मात्र वाढत गेलाय.

आता यात जास्त पगारवाला कसाबसा निभावून नेतो. कमी पगारवाल्याचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. आमच्याकडे स्टोअरमध्ये काम करणारे एक काका आहेत, जेवताना घास नेहमी डावीकडेच चावायचे, उजवा गाल हाताने धरून बसायचे, गार पाणी तर लांबच. डेंटिस्टने रूट कॅनल आणि कॅप सांगितली होती, दाढ वाचण्यासारखी होती. त्यांनी हिशोब केला, त्यांच्या वाट्याला येणारा निम्मा खर्च जमणारा नव्हता, आणि दाढ काढायला मात्र प्लॅन 80 टक्के देत होता आणि मूळ खर्चच कमी. काढून टाकली. यात त्यांची काहीच चूक नाही, प्लॅनच माणसाला तिकडे ढकलत होता. आणि हे तिथे संपत नाही, दाढ गेली की शेजारचे दात हळूहळू त्या मोकळ्या जागेत कलतात, समोरचा दात खाली किंवा वर सरकतो, चावताना भार दुसऱ्या बाजूवर येतो, आणि काही वर्षांनी ब्रिज किंवा इम्प्लांट करायची वेळ आली की पॉलिसीत एक अट निघते की प्लॅन सुरू होण्याआधी जो दात गेलेला असेल त्याच्या जागी नवा बसवायला पैसे मिळणार नाहीत. दरम्यान मालकाने विमा कंपनी बदललेली असेल तर नव्या कंपनीच्या दृष्टीने ती दाढ 'आधीच गेलेली' ठरते. ही अट आहे की नाही एवढं जरी निवडताना विचारलं तरी कितीतरी जणांचं भलं होईल.

अशा अटी ब्रोशरवर नसतात. त्या पॉलिसीच्या मुख्य कागदपत्रात शेवटी, बारीक अक्षरात, एक्स्क्लुजन्स आणि लिमिटेशन्स या नावाखाली असतात आणि माझं म्हणणं आहे की सही करण्याआधी ती पानं आधी वाचावीत. एजंटकडून नमुना पॉलिसी मागवा, ब्रोशर नको म्हणावं. काय शोधायचं ते सांगते. क्लीनिंगबद्दल 'वर्षातून दोनदा' लिहिलंय का 'दर 6 महिन्यांनी एकदा'? वाचायला एकच वाटतं पण दुसऱ्या प्रकारात 6 महिने पूर्ण व्हायला दोन दिवस कमी असताना गेलात तर क्लेम नाकारतात. मग मागच्या दातांना पांढरं फिलिंग केलं तर पैसे पांढऱ्याचे देतात का जुन्या चांदीसारख्या अमाल्गमच्या दराने? खूप प्लॅन स्वस्तातल्या पर्यायाचा दर धरून पैसे देतात आणि फरक पेशंटवर टाकतात, इम्प्लांटच्या बाबतीतही तेच, कवळी किंवा ब्रिजचा दर धरतात. कॅप तुटली तर किती वर्षांनी परत मिळेल, 5 का 10? रात्री दात खाणाऱ्यांसाठी जी नाइट गार्ड लागते ती आहे का? लहान प्रश्न वाटतात पण रोज क्लेम अडकतात ते यातच.

वेटिंग पिरियड हाही असाच विषय. फिलिंगला 6 महिने आणि कॅप-ब्रिजला 12 महिने थांबा असं बरेच प्लॅन म्हणतात. आधी दुसऱ्या कंपनीचा ग्रुप प्लॅन चालू होता आणि मध्ये खंड पडला नाही तर हा काळ माफ करून घेता येतो, पण तो माफ करा असं आपण बोलावं लागतं आणि तसं लेखी घ्यावं लागतं. फोनवर हो म्हणाले याला क्लेमच्या वेळी काडीची किंमत नसते. आणि नवीन भरती झालेल्या माणसाचं काय, त्याला पहिल्या दिवसापासून कव्हर आहे का, हेही तेव्हाच विचारून घ्यायचं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. चेकअप आणि क्लीनिंगला पहिल्या दिवसापासून, वेटिंग न लावता, डिडक्टिबल (म्हणजे आधी पेशंटने स्वतः भरायची ठरावीक रक्कम) न लावता पूर्ण पैसे मिळाले पाहिजेत, आणि ते पैसे वर्षाच्या मर्यादेत मोजले जाता कामा नयेत. असे प्लॅन मिळतात, मागावे लागतात. ज्या प्लॅनमध्ये क्लीनिंगचा खर्चही मर्यादेतून जातो तिथे हुशार माणूस विचार करतो की कॅपसाठी पैसे राखून ठेवू, आणि क्लीनिंग टाळतो, आणि मग हिरड्या सुजतात, रक्त येतं, हाड झिजतं आणि चांगले दात हलायला लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 च्या अहवालात सांगितलंय की जगात जवळपास 350 कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, पक्क्या दातांची न उपचारलेली कीड 200 कोटींच्या आसपास लोकांना आणि हिरड्यांचा गंभीर आजार साधारण 100 कोटींना. म्हणजे स्टाफमध्ये हे असणारच, कुणाला आहे ते आपल्याला माहीत नसतं इतकंच. आणि यातलं बरंचसं लवकर पकडलं तर थोडक्यात सुटतं. कीड दाताच्या वरच्या थरात असताना साधं फिलिंग पुरतं, आतल्या नसेपर्यंत पोचली की रूट कॅनल, आणि दुखायला लागतं ते बहुतेक वेळा उशिराच, त्यामुळे 'दुखलं की जाऊ' म्हणणारा माणूस नेहमी महागाच्या टप्प्यावरच पोचतो.

डायबेटिस असलेल्यांचं वेगळं सांगते कारण ऑफिसात अशी माणसं असतातच. साखर वाढलेली असेल तर हिरड्यांचा आजार बळावतो आणि हिरड्यांचा आजार असेल तर साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, दोन्ही बाजूंनी त्रास. गरोदर बायकांनाही हिरड्या सुजण्याचा त्रास जास्त होतो. काही प्लॅन अशांना वर्षात एखादं जास्तीचं क्लीनिंग देतात, प्रीमियमवर त्याचा फारसा भार येत नाही, नक्की विचारा.

मुलांचंही. ग्रुप डेंटल प्लॅनच्या इतिहासात सुरुवातीला मुलंच आहेत, 1954 साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियनने कामगारांच्या मुलांच्या दातांसाठी अशी योजना उभी केली. आज फॅमिली कव्हर बघताना सगळे ब्रेसेसचं विचारतात, ठीक आहे, तेही विचारा, बहुतेक ठिकाणी त्याला वर्षाची नाही तर आयुष्यभराची एक वेगळी मर्यादा असते आणि वयाची अट असते. पण त्याआधी सीलंट (दाढेच्या खाचा बुजवणारा लेप) आणि फ्लोराइडचं विचारा. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, घरच्यांना ती दुधाचीच वाटते, खोल खाचा असतात, ब्रश पोचत नाही आणि तिथेच कीड सुरू होते. सीलंटला किती वयापर्यंत पैसे देतात, दुसऱ्या दाढा साधारण बाराव्या वर्षी येतात तोपर्यंत देतात का, हा प्रश्न मी तरी कुणाला विचारताना ऐकलेला नाही आणि तो विचारायलाच हवा.

नेटवर्कबद्दल, म्हणजे विमा कंपनीशी करार असलेल्या डेंटिस्टच्या यादीबद्दल, थोडक्यात. यादीत किती डेंटिस्ट आहेत हा आकडा ऐकू नका. तुमची माणसं जिथे राहतात तिथे किती आहेत, ते नवीन पेशंट घेतात का, संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी उघडे असतात का, हे बघा आणि यादीतल्या चार-पाच दवाखान्यांना स्वतः फोन करा. याद्या जुन्या असतात, अर्धा तासाच्या फोनमध्ये कळतं. नेटवर्कबाहेरच्या डेंटिस्टकडे गेलं तर पैसे कशावर मोजतात तेही विचारा, प्रत्यक्ष बिलावर का कंपनीने स्वतःच ठरवलेल्या दरावर, कारण 80 टक्के म्हणजे कशाचे 80 टक्के हा सगळा मुद्दा आहे. आणि पैसे थेट दवाखान्याला जातात का आधी पेशंटने भरायचे आणि मग परत मिळवायचे? आमच्या काकांसारख्या माणसाला आधी सगळे भरा म्हटलं तर तो प्लॅन असून नसल्यासारखा आहे.

काही प्लॅनमध्ये ठरलेला एकच दवाखाना असतो, विमा कंपनी डेंटिस्टला दर महिन्याला माणशी ठरावीक रक्कम देते, पेशंट आला काय न आला काय. प्रीमियम कमी, बरेचदा वर्षाची मर्यादाही नसते, पेशंटला ठरलेली फी भरावी लागते. यात चांगला दवाखाना मिळाला तर कमी पगाराच्या माणसाला खरंच फायदा होतो, पण डेंटिस्टला प्रत्येक जास्तीच्या भेटीत तोटा असल्याने अपॉइंटमेंट लांबतात अशी भीती असते. जमलं तर दोन्ही प्रकार ठेवा आणि लोकांना निवडू द्या. छोट्या ऑफिसला तिसराही मार्ग आहे, विमा न घेता मालकानेच डेंटिस्टच्या बिलाचे ठरावीक टक्के ठरावीक मर्यादेपर्यंत परत द्यायचे. यात नेटवर्क नाही, गट नाहीत, बारीक अक्षरं नाहीत. फक्त कुणाचं बिल कशाचं आहे हे ऑफिसमध्ये सगळ्यांना कळता कामा नये, त्याची सोय आधी करावी लागते.

प्रीमियम कोण भरणार यावर मालक लोक घासाघीस करतात. प्लॅन पूर्ण ऐच्छिक ठेवला आणि सगळा प्रीमियम स्टाफच्या पगारातून कापला तर काय होतं, ज्यांचे दात आधीच बिघडलेत तेच घेतात, तरुण पोरं घेत नाहीत, क्लेम जास्त येतात, पुढच्या वर्षी प्रीमियम वाढतो, मग अजून काही जण सोडतात, असं करत प्लॅन कोसळतो. म्हणून किमान इतके टक्के लोक हवेत अशी अट कंपन्या घालतात. मालकाने निदान एकट्या कर्मचाऱ्याचा प्रीमियम, नाहीतर त्यातला मोठा वाटा भरला आणि कुटुंबाचा वाटा कर्मचाऱ्याने उचलला तर बहुतेक जण येतात. आणि जे पहिल्या वेळी नको म्हणतात त्यांना नंतर यायचं झालं तर जास्त वेटिंग लागू शकतं, हे त्यांना नको म्हणायच्या आधी स्पष्ट सांगितलं पाहिजे, नंतर नाही.

निवडण्याआधी स्टाफला विचारा, नाव न लिहिता चार प्रश्नांचा कागद फिरवा. शेवटचं डेंटिस्टकडे कधी गेलात, का गेला नाहीत, घरात लहान मुलं आहेत का, सध्याचा डेंटिस्ट कुठल्या भागात आहे. आमच्याकडे वाटलं होतं सगळे ब्रेसेस मागतील, उत्तरं वेगळीच आली. खूप जणांनी लिहिलं की किती खर्च येईल ते आधी कळत नाही म्हणून जायची हिंमत होत नाही. याला उपाय आहे, मोठं काम सुरू करण्याआधी दवाखान्याकडून विमा कंपनीला अंदाज पाठवायला सांगता येतो आणि ती किती देईल ते आधी कळवते. ती हमी नसते, मधल्या काळात मर्यादा वापरली गेली तर आकडा बदलतो, पण माणसाच्या हातात कागद तरी येतो. ही सोय किती दिवसांत उत्तर देते ते प्लॅन निवडतानाच विचारून घ्या.

कंपनी बदलणार असाल तर ज्यांचे उपचार अर्धवट आहेत त्यांची काळजी घ्या. कॅपसाठी दात घासून तयार केला जुन्या प्लॅनमध्ये आणि कॅप बसवली नव्यात, तर काही कंपन्या दात तयार केल्याची तारीख धरतात काही कॅप बसवल्याची, आणि दोघी मिळून पेशंटला मध्येच लटकवतात. ब्रेसेस चालू असलेल्या मुलांचंही तसंच. नव्या कंपनीकडून हे लेखी घेतल्याशिवाय जुनी सोडू नका. आणि मर्यादा कॅलेंडर वर्षाने चालते का पॉलिसी वर्षाने तेही सगळ्यांना सांगा, दोन वेगवेगळ्या दातांची कामं असतील तर दोन वर्षांत वाटून घेता येतात, मात्र रूट कॅनल झालेली दाढ कॅपशिवाय महिनोनमहिने ठेवली तर ती तडकू शकते, त्यामुळे पैशासाठी ती लांबवायची का नाही ते डेंटिस्टला विचारूनच ठरवावं.

रिन्यूअलला विमा कंपनीकडून एक आकडा नक्की मागा, नावं नकोत फक्त आकडा, की वर्षभरात किती टक्के लोकांनी फुकटचं चेकअप वापरलं. तो कमी असेल तर प्लॅन बदलायच्या आधी कारण शोधा. आमच्याकडे ते रजा निघालं. दवाखाने ऑफिसच्या वेळेतच उघडे आणि दात दाखवायला रजा मागायला लोकांना संकोच वाटायचा, खास करून रोजंदारीवर असलेल्यांना, त्यांचा तर दिवसच बुडायचा. आता वर्षातून दोनदा डेंटिस्टसाठी पगारी अर्धा दिवस सगळ्यांना दिलाय, रोजंदारीवाल्यांनाही, आणि त्यासाठी फक्त सुपरवायझरला सांगायचं, अर्ज नाही.

आपली,
एचआर सांभाळणारी एक वाचक